वाटीवरची शीग

माझ्या बाबांना दिवसाला किती पीठ चालेल आणि किती डाळ चालेल, हे दवाखान्यातल्या बाईंनी ग्रॅममध्ये लिहून दिलं. आमच्या घरात ग्रॅम नव्हते, वाटी होती. एवढ्याशा अडचणीवर बाबांचा पाय वाचतो की जातो ते ठरणार होतं, आणि ती अडचण सोडवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बारावी सायन्सला होते आणि घरात मला हुशार समजत. मीही स्वतःला समजत होतेच.

एक्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. आम्ही नालवाडीला राहायचो, आई, बाबा आणि मी. बाबा वर्ध्याच्या धान्यबाजारात मापारी होते. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध उभं राहायचं, पोतं काट्यावर चढलं की वजनं टाकायची आणि आकडा दोघांनाही ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत होता. घरी मात्र ते इतकं हळू बोलायचे की आई म्हणायची, "तुमचा आवाज काय बाजारातच ठेवून येता काय?"

आजोबाही मापारीच, पण पायलीच्या काळातले. तेव्हा धान्य तोलत नसत, पायलीनं मापत. माप काठापर्यंत भरलं की त्यावर धान्याचा जो ढीग उभा राहतो ती शीग. व्यापारी घेताना शीग लावून घ्यायचा आणि देताना हातानं सपाट करून द्यायचा. बाबांनी लहानपणी त्या शिगेवरून डोकी फुटलेली पाहिली होती. किलो आले तेव्हा बाजारात सगळ्यांत जास्त आनंद बहुधा बाबांनाच झाला असावा. काट्याला शीग नसते, असं ते म्हणायचे. एवढं एकच वाक्य ते जरा अभिमानानं बोलायचे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तुरीची आवक जोरात होती. हमालाच्या हातातून वीस किलोचं लोखंडी वजन निसटलं आणि बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. आईनं हळद-तेल लावलं, चिंधी बांधली, बाबा दुसऱ्या दिवशी लंगडत बाजारात गेले. पंधरा दिवसांत भरायची जखम महिना झाला तरी ओलीच. शेवटी मीच भांडून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की अंगठ्याचा दोष नव्हता, रक्तात साखर होती. डॉक्टर म्हणाले की गोळी अर्धं काम करेल, उरलेलं अर्धं ताटातून व्हायला पाहिजे. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावरच थांबलं तर नशीब समजा.

मग आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक छापील कागद दिला. ज्वारीचं पीठ सकाळी साठ ग्रॅम, संध्याकाळी साठ ग्रॅम. तूर डाळ तीस ग्रॅम, तांदूळ तीस ग्रॅम. गूळ आणि साखरेपुढे फुली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं.

"साठ गराम म्हंजे किती भाकरी वो बाई?" आईनं विचारलं.

"भाकरी मोजू नका, पीठ मोजा. घरी काटा नसेल तर वाटीनं घ्या."

"कोणत्या वाटीनं?"

बाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली, जरा मिटली, जरा उघडली आणि म्हणाल्या, "अशी. मध्यम."

परत येताना एसटीत आई ती ओंजळ पुन्हा पुन्हा करून पाहत होती. नालवाडीपर्यंत तिची दुप्पट झाली होती.

घरी वाट्या तीन. एक पितळेची, आईच्या लग्नातली, तिच्यात बाळाची अंघोळ होईल एवढी. एक स्टीलची, मला शाळेत बक्षीस मिळालेली. आणि एक जर्मनची, म्हणजे ज्याला शहाणी माणसं ॲल्युमिनियम म्हणतात, ती उथळ, पसरट, काठ जरा बाहेर वळलेली. तिन्हींना आई 'वाटी'च म्हणायची, आणि कोणत्या कामाला कोणती हे तिच्या हाताला माहीत होतं. मी विचारलं की वरणाला किती डाळ घेतेस, तर म्हणाली, एक वाटी. तांदूळ? एक वाटी. मिठाला किती? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी श्वास किती घेतेस ते विचारलं.

मी म्हटलं, एक छोटा तराजू आणू या. तर आईआधी बाबाच नको म्हणाले. मापाऱ्याच्या घरात काटा ठेवत नाहीत. आज पीठ तोलायला ठेवला, तर उद्या लोक म्हणतील हा घरी बसून कोणाचा माल तोलून राह्यला. त्यांनी तीस वर्षांत कोणाला असं म्हणायची संधी दिली नव्हती. मग मी चौकातल्या किराणा दुकानदाराकडे काटा मागायला गेले. दोन दिवसांसाठी द्या म्हटलं. त्यानं हातातली पुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. काटा उसना देत नसतात, काट्यासोबत लक्ष्मी जाते, एवढं तुला मापाऱ्याची पोरगी असून ठाऊक नाही, असं ते बघणं होतं. शेवटी म्हणाला, "इथं येऊन तोलून घेजो बाई. दुपारी गिऱ्हाईक नसते तवा."

म्हणून मी एका दुपारी पिठाचा डबा, डाळ, तांदूळ, तिन्ही वाट्या आणि माझी फूटपट्टी घेऊन दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे नवीच पंचाईत. दुकानदाराकडे पन्नास ग्रॅमच्या खालचं वजन नव्हतं. साठ ग्रॅम कसे तोलायचे? मला एक युक्ती सुचली आणि आजही कबूल करते की ती सुचल्यावर मला फार बरं वाटलं. मी जर्मनची वाटी पिठानं भरली, फूटपट्टीनं काठासरशी सपाट केली आणि काट्यात ओतली. अशा पाच वाट्या ओतल्या. दुकानदारानं तीनशे ग्रॅमची वजनं टाकली आणि काटा मधोमध उभा राहिला. तीनशे भागिले पाच, साठ. आमच्या घरातली सगळ्यात गरीब वाटी नेमकी बाबांच्या भाकरीची निघाली.

डाळीला मात्र तीच वाटी वेगळं सांगू लागली. डाळ जड, ती पिठाच्या दीडपटीहून जास्त बसते. तांदूळही तसाच. म्हणजे तीस ग्रॅम डाळ म्हणजे वाटीचा तिसरा हिस्सा, तेवढाच तांदूळ. पीठ चाळून घेतलं तर कमी बसतं, डबा आपटून घेतलं तर जास्त. मी सगळं पाच-पाच वेळा करून पाहिलं. दुकानदार आधी कंटाळला आणि मग त्यालाच गंमत वाटायला लागली, साबुदाणा पाहू काय म्हणून विचारू लागला. घरी येऊन मी वहीचा पाठकोरा कागद घेतला, लाल आणि निळ्या शाईनं तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे भाताच्या शितांनी चिकटवला. आईला वाचता येत नाही म्हणून वाटीचं चित्रही काढलं. पिठापुढे एक वाटी. डाळीपुढे आणि तांदळापुढे एक-तृतीयांश रंगवलेली वाटी.

'सपाट' हा शब्द मी लिहिला नाही. मला त्याची गरजच वाटली नाही. वाटी म्हणजे काठापर्यंत, एवढं तर कोणालाही कळतं, असं मी धरून चालले होते.

लघवीतली साखर घरी तपासायची असे. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर विचारूच नका. आईनं हा प्रकार स्वयंपाकघरात तर सोडाच, घरातही होऊ दिला नाही, म्हणून मी रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मागच्या न्हाणीपाशी उकिडवी बसून ते उकळायची. बाबा दारात उभे राहायचे, एक पाय उचललेला, भिंतीला हात लावून. रोज विटकरी. तक्ता लावल्यावर एक आठवडा झाला, विटकरी. दोन झाले, विटकरी. महिना झाला तरी आमच्या नळीतल्या रंगात फरक पडला नाही, आणि अंगठ्याची एक बाजू काळी पडायला लागली.

माझं गणित चुकलेलं असूच शकत नव्हतं. मग चूक कोणाची? बाबांची. बाजारात चहा होत असणार, हॉटेलात जिलेबी होत असणार. एका संध्याकाळी ते आल्यावर मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, जिलेबीचा तेलकट कागद, गुळाचा खडा आहे का पाहिलं. त्यांना तोंड उघडायला लावून वास घेतला. आई ओरडली, पण मी थांबले नाही.

"तुमाले पाय नको असन तं तसं सांगा," मी म्हटलं. "मी सकाळी उठून कायले न्हाणीत बसू?"

ज्या माणसाला बाजारात कधी कोणी खोटा म्हटलं नव्हतं, त्याला त्याच्या पोरीनं त्याच्याच घरात म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, जिथे आई बसली होती. आणि म्हणाले, "नाई खाल्लं बाई काई." बस, एवढंच. मी विश्वास ठेवला नाही. हे लिहिताना मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते.

पुढच्या रविवारी मला कॉलेज नव्हतं, म्हणून आई भाकरी करत असताना मी तिथे बसले होते. तिनं डबा उघडला, जर्मनची वाटी पिठात खुपसली आणि वर काढली. वाटीवर पिठाचा डोंगर होता. तो सांडू नये म्हणून तिनं दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याला चारही बाजूंनी थोपटलं, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं, आणि अलगद परातीत ओतलं. वाटी उथळ, पसरट, काठ बाहेर वळलेला. आमच्या घरातल्या तिन्ही वाट्यांत सगळ्यात मोठी शीग उभी राहील अशी वाटी मीच शोधून दिली होती.

"आई, हे काय करून राह्यली?"

"पीठ घेऊन राह्यली. एक वाटी. तूच तं चित्र काढलं."

"वाटी म्हंजे काठापर्यंत. वरचं काढून टाक."

"वरचं?" तिला कळलंच नाही. मी पुढे होऊन डब्यातून वाटी भरली आणि तळहातानं वरून सपाट केली. आईनं माझा हात असा झटकला की पीठ सगळीकडे उडालं.

"पागल झाली काय वं? जित्या माणसाचं माप सपाट करतेत काय?"

मग तिनं सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण आधी कधी मी वाटी सपाट केली नव्हती. तिचं माहेर जामकडचं. तिकडे त्यांच्या घरात रोजच्या खाण्याचं माप नेहमी शीग लावूनच भरायचं, मग ते पीठ असो की डाळ. मापावरून तळहात फक्त एकदाच फिरतो, तेराव्याच्या दिवशी, शिधा काढताना. मेलेल्या माणसाचा वाटा काठापाशी संपला पाहिजे, वर काही राहिलं तर जीव मागे वळून बघतो. तिच्या बापाच्या वेळी तिनं आपल्या आईला तसा हात फिरवताना पाहिलं होतं.

मी तिला साखर म्हणजे काय ते सांगितलं. पिठाची साखर होते, डाळीची कमी होते, हे सांगितलं. साठ ग्रॅम आणि शिगेसकट होणारे शंभरेक ग्रॅम यांतला फरक सांगितला. माझा आवाज चढत गेला. आई ऐकत होती आणि मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "तुयं बरोबर असन. पण माया हातानं नाई होणार." माणूस चुकत असेल तर त्याच्याशी भांडता येतं. ती मला बरोबर म्हणत होती, तिथे मी काय भांडणार?

मग मी ठरवलं, शीग तर शीग. शीग लावलेली वाटी किती भरते तेच तोलायचं आणि तक्ता नव्यानं करायचा. आईनं भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून मी दुकानाकडे निघाले. मार्चमधला वारा. चौकापर्यंत पोचेस्तोवर माझ्या पदरात, हातावर, केसांत पीठ होतं आणि वाटी काठापर्यंत छान सपाट झाली होती. दुकानदार पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी मी आईलाच दुकानात नेलं. तिथे दोन बाप्ये बिडी ओढत बसले होते. त्यांच्यासमोर आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि इतकी लाजत वाटी भरली की शीग जेमतेम बोटभर. पंचाहत्तर ग्रॅम. घरी गेल्यावर तीच शंभरावर जाणार हे मला माहीत होतं. बाबांचं तोंड सुकलेलं दिसलं तर एकशे दहावर जाणार. डाळीची शीग बुटकी, पिठाची उंच, आणि सणाच्या दिवसाची त्याहून उंच. वाटीला तळ होता, काठ होता, पण आईच्या हाताला काठच नव्हता. त्याचा तक्ता मी कसा करणार?

मी लहान वाटी आणली, बाहुलीच्या भातुकलीत शोभेल अशी. आई तिची दोन मापं घ्यायला लागली, दोन्ही शिगेची. 'एकानं काय होते' असं म्हणाली.

एप्रिलमध्ये बाबांचा अंगठा काढला.

दवाखान्यातून आणल्यावर पहिल्या रात्री ते पायाकडे पाहत म्हणाले, "वजन हलकं झालं." आम्ही दोघी हसलो नाही.

त्यानंतर मी चोरी करायला लागले. आई पीठ परातीत ओतून पाणी आणायला उठली की मी मूठभर पीठ उचलून डब्यात परत टाकायची. डाळ भिजत घालायला काढली की तिच्यातली थोडी डब्यात परत टाकायची. भाकर लहान दिसू नये म्हणून मीच थापायला बसायची आणि पातळ, मोठी थापायची. आईला वाटलं, पोरीला स्वयंपाकाचं वळण लागलं. शेजारणीला तिनं तसं कौतुकानं सांगितलंही. ते ऐकून मला रडू आलं.

चौथ्या दिवशी नळीतला रंग पिवळा झाला. सहाव्या दिवशी पिवळ्यात हिरवी झाक आली. आठव्या दिवशी पावसाळ्यातल्या गवतासारखा हिरवा. मी नळी उन्हाकडे धरली आणि ओरडले. बाबा दारात एका काठीवर उभे होते. त्यांनी नळी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा आनंद दिसला नाही. तेव्हा मला त्याचा राग आला.

आईला डब्यावरून कळलं. तिचा हात पिठात कुठपर्यंत जातो, मनगटापर्यंत की कोपरापर्यंत, यावर तिचे दिवस चालायचे. हात कोपरापर्यंत जाईल एवढं पीठ संपायला हवं होतं आणि ते मनगटाएवढंच संपलं होतं.  दुसऱ्या दिवशी पाणी आणायला म्हणून उठली आणि दाराआड उभी राहिली. माझी मूठ डब्याच्या तोंडाशी होती.

ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. परातीपाशी येऊन बसली, तेवढ्या पिठाची भाकर केली, बाबांना वाढली, माझी वेगळी करून मला वाढली आणि स्वतः जेवली नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"जेव ना आई," मी म्हटलं.

"तू त्याईच्या मापावर हात फिरवला," ती म्हणाली. "आठ दिवस. मले न सांगता. माया घशाखाली घास कसा उतरन?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला अंगणात बोलावलं. ते बाजेवर बसले होते, पाय उशीवर. त्यांच्या ताटात आईनं केलेली भाकर होती. त्या दिवशी मी परातीजवळ गेलेच नव्हते. त्यांनी भाकर उचलली, उजव्या तळहातावर ठेवली आणि हात जरासा खालीवर केला. ते बाजारात मूठभर धान्य असंच जोखायचे, काट्यावर चढायच्या आधीच.

"पाणी सोडून पीठ शंभराचं," ते म्हणाले. "थोडं वरच. मांगच्या हप्त्यात तू करत होती थे साठ-बासष्टची होती."

 मी बाजेच्या कडेला बसले.

"तुमाले माहीत होतं?"

"मापाऱ्याच्या हाताले नाई कळणार काय? पयल्या दिवसापासून."

"मंग मी तुमच्या खिशात हात घातला, तोंडाचा वास घेतला, तवा काऊन नाई बोलले?"

"काय बोलू? तुयी माय शीग लावते म्हणू?" ते थांबले. "बाजारात जलमभर दुसऱ्याईची शीग पुसली मी. घरची कशी पुसू?"

मी म्हटलं की पाय जाईल. मी म्हटलं की हिरवं झालं होतं, तुम्ही स्वतः पाहिलं. मी आणखीही पुष्कळ म्हटलं. ते सगळं ऐकून घेऊन ते त्यांच्या त्या घरच्या हळू आवाजात बोलले.

"तुयं गणित बरोबर हाय बाई. पण तिनं माप सपाट केलं अन् मले कवाही काई झालं, आज नाई तं दहा वर्सानं, तं तुयी माय म्हणन मी हात फिरवला म्हणून गेले. मंग ते जगन कशी? तूच सांग. राहू दे. भरू दे तिले."

मी आत गेले आणि आईला म्हटलं, "जेव आता. मी हात नाई लावणार." तिनं माझ्याकडे पाहिलं, ताट घेतलं आणि जेवली. मीही जेवले. पुढे मी परीक्षानळी उकळत राहिले, पण रंग कोणाला सांगत नव्हते, आणि कोणी विचारतही नव्हतं. दारामागचा तक्ता तसाच होता. त्याच्यावर तेलाचे डाग पडले, वाटीचं चित्र धुरकट झालं. मी तो काढला नाही, का ते सांगता येणार नाही. कदाचित मला कोणीतरी एकदा तरी तो वाचावा असं वाटत असेल.

पुढच्या वर्षी बाबांचं पाऊल काढलं. बाजार सुटला. ते अंगणात बसून आल्यागेल्याला विचारायचे की तुरीची आवक कशी आहे. त्यानंतरच्या वर्षी, होळीच्या आधी, ते गेले. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलं होतं, मूत्रपिंड थकलं होतं. मी विचारलं की खाण्यापिण्यामुळे किती आणि आजारामुळे किती. ते म्हणाले, "असं वेगळं काढून सांगता येत नाही." इतका शिकलेला माणूस, त्यालाही ते जोखता आलं नाही.

तेराव्याला शिधा काढायची वेळ आली. जोशीबुवा बाहेर बसले होते, नातेवाइकांची गर्दी होती. आईनं सूप पुढे ओढलं आणि तिच्या हाताला सवयीनं जर्मनची वाटीच आली. तिनं ती पिठात खुपसली. वर काढली तेव्हा रोजच्यासारखी शीग होती. बोटांनी तिला थोपटायला तिचा दुसरा हात आपोआप वर आला आणि तिथेच थांबला. मग तिनं तळहात आडवा केला आणि काठावरून फिरवला.

सपाट वाटी सुपात गेली. साठ ग्रॅम. माझ्या तक्त्यातली पहिली ओळ. ती वाटी आमच्या घरात माझ्या म्हणण्याप्रमाणे भरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुसून काढलेलं पीठ आईच्या तळहातावर तसंच होतं. ते घेऊन ती बसून राहिली. सुपात टाकता येत नव्हतं, खाली टाकता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी एक दिवसही सपाट नाई भरली," ती म्हणाली. "एक दिवस नाई. मंग काऊन गेले वं थे?"

तिच्या पाठीमागे दार होतं आणि दारामागे माझा कागद होता. मला उत्तर येत होतं. ग्रॅममध्ये येत होतं, वाटीत येत होतं. बाबांनी दोन वर्षं आणि एक पाय देऊन जे तिच्यापासून लपवलं, ते मी एका वाक्यात सांगू शकले असते.

"नाई सांगता येत, आई," मी म्हटलं.

मग मी तिच्या तळहातावरचं पीठ माझ्या मुठीत घेतलं आणि डब्यात परत टाकलं. या वेळी ती बघत होती.